पन्नाशीनंतरची पदवी

वय झाले, आता कसले प्रशिक्षण, असे आमच्या इंदुरीच्या अंगणवाडीतल्या ताई म्हणाल्या आणि मला अनुताई वाघ आठवल्या.

जन्म १९१०, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. तरी शिकून त्या शिक्षिका झाल्या. पुण्यात हुजूरपागेत शिकवीत असताना रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या.

१९४५ साली बोरिवलीच्या शिबिरात ताराबाई मोडक भेटल्या. पस्तिशीतल्या अनुभवी बाईंनी हातची नोकरी सोडून बोर्डीत पुन्हा पहिल्यापासून शिकायचे! मला खरे धैर्य इथेच दिसते. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला बालसेविका तयार केल्या. १९९२ मध्ये त्या वारल्या.

पदवी त्यांनी १९६१ साली घेतली, पन्नाशी उलटल्यावर. ताईंना एवढे सांगायचे राहिलेच.