दर्यावर निघण्याआधी : सरखेल कान्होजी आंगरे

ही गोष्ट सुरू होते एका फोनपासून. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. मागच्या दिवाळीत त्याचा फोन आला, की तो आणि त्याचे पाच मित्र कॅरिबियन समुद्रात टोर्टोला नावाच्या बेटावर जाणार आहेत. तिथे शिडाची यॉट आठवड्याच्या भाड्याने मिळते. कप्तान वगैरे कोणी नाही, बोट आपणच चालवायची. आम्ही इकडे सबमिशनच्या फायली घेऊन सरांच्या केबिनबाहेर उभे, आणि दादा निघाला समुद्र फिरायला! असो.

तयारीबद्दल विचारलं तेव्हा त्याने पाच गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे मोसम. तिथे जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचे महिने, तेव्हा जायचं त्यानंतरच. दुसरी, बोटीचा तळ पाण्याखाली किती खोल जातो ते माहीत हवं, नाहीतर खडकावर बसलीच म्हणून समजा. तिसरी, सुकाणू धरणारा माणूस अनुभवी हवा. बोट देणारी कंपनी आधी त्याचा अनुभव लेखी मागते. चौथी, परवाने आणि कागदपत्रं. आणि पाचवी, रात्री बोट कुठल्या बंदरात लावायची हे सकाळी निघतानाच ठरलेलं हवं.

मग त्याने मला सहज विचारलं, की तू तर खाडीच्या काठावर राहतोस, आता भरती आहे की ओहोटी? काय सांगणार राव! चार वर्षं हॉस्टेलच्या गच्चीवरून खाडी बघतोय, पण हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. वर त्याने आणखी एक पुडी सोडली. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या २००७ साली आलेल्या तिसऱ्या भागात समुद्री चाच्यांची सभा भरते, त्यात हिंदी महासागराचा म्हणून जो चाचा बसलाय त्याचं नाव सुंभाजी आंग्रिया. हा तुमच्याकडचाच का, असं तो हसत विचारत होता.

नाव खटकलं. आंग्रिया म्हणजे आपले आंगरे! त्या सिनेमातलं नाव बेतलंय कान्होजींचा मुलगा संभाजी आंगरे याच्यावर. आणि चाचा हा शिक्का मूळचा बसला तो खुद्द कान्होजींवर. मग लायब्ररीत बसून वाचायला घेतलं. वाचता वाचता लक्षात आलं, की दादाची ती पाच कलमं या माणसाने तीनशे वर्षांपूर्वी आपल्याच समुद्रावर तंतोतंत पाळली होती. एवढंच नाही, तर ज्यांनी ती पाळली नाहीत त्यांना चांगलीच अद्दल घडवली होती.

कान्होजींचा जन्म साधारण १६६९ सालचा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ, आंगरवाडीवरून आंगरे झालं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याने कान्होजी वाढले. त्यांच्या तरुणपणची एक गोष्ट सांगितली जाते. जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला आणि खुद्द किल्लेदारच फितूर व्हायला निघाला. कान्होजींनी सोबत्यांना घेऊन त्याला बाजूला केलं आणि किल्ला लढवला. गोष्टीत थोडं मीठमसाला असेलही. पण नंतरचा इतिहास पाहिला की हा माणूस असं करू शकला असता हे पटतं.

१६९८ च्या सुमारास मराठी आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर वारले आणि आरमाराची जबाबदारी कान्होजींकडे आली. 'सरखेल' हा किताब मिळाला. काळ कसा होता बघा. छत्रपती राजाराम महाराज जिंजीहून नुकतेच परतलेले, औरंगजेब अजून महाराष्ट्रात ठाण मांडून बसलेला. किनाऱ्यावरही तीच तऱ्हा. उत्तरेला मुंबईत इंग्रज, दक्षिणेला रेवदंड्याला पोर्तुगीज, त्याच्या खाली जंजिऱ्याला सिद्दी. या तिघांच्या मधोमध अलिबागचा कुलाबा किल्ला, आणि कान्होजींनी आपलं ठाणं नेमकं तिथेच मांडलं! खाली सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हाताशी होतेच. दादाचं पाचवं कलम आठवा. किनाऱ्यावर थोड्या थोड्या अंतराने आपला किल्ला किंवा खाडी असली, की बोटीला रात्रीचा आसरा शोधत फिरावं लागत नाही.

आता थोडं आपल्या विषयाचं, म्हणजे डिझाइनचं. युरोपियनांची जहाजं उंच, जड आणि खोल तळाची. त्यांना महासागर ओलांडायचा असे, तेव्हा त्यांचं गणित त्यांच्या जागी बरोबरच होतं. कान्होजींना लढायचं होतं कोकणच्या उथळ खाड्यांत. त्यांच्या आरमाराचा कणा म्हणजे गुराब आणि गलबत. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, उथळ तळाची, निमुळत्या नाळेची आणि नाळेवरूनच पुढे मारा करणाऱ्या तोफांची. गलबत लहान आणि हलकं, शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारं. वारा पडला की मोठं जहाज जागीच अडकतं. तेव्हा गलबतांनी गुराबा ओढत न्यायच्या आणि शत्रूच्या मागच्या बाजूने, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथून मारा करायचा. शत्रू भारी पडला तर सरळ खाडीत शिरायचं. मोठं जहाज मागे आलंच तर तळ गाळात रुतायची भीती त्याला, आपल्याला नाही.

मोसमाचं भान तर कोळ्याच्या पोराला जन्मतःच असतं. जूनमध्ये समुद्र खवळला की होड्या वर ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा दर्यात लोटायच्या. लढाऊ गलबतांनाही हाच नियम. पावसाळा म्हणजे डागडुजीचा काळ. कान्होजींच्या आरमारावरचे खलाशी, तांडेल हे कोळी-भंडारी समाजातले, याच किनाऱ्यावर वाढलेले. शिकवून समुद्र कळतो तितका कळतोच, पण यांना तो अंगवळणी पडलेला होता. तोफखान्यावर मात्र कान्होजींनी परक्या माणसांनाही घेतलं. इंग्रजांच्या मोहिमांत स्वतः असलेल्या क्लेमेंट डाउनिंग याने १७३७ साली छापलेल्या पुस्तकात जेम्स प्लँटेन नावाच्या माणसाची हकिकत आहे. जन्म जमैकाचा, उद्योग मादागास्करला चाचेगिरी, आणि शेवटी नोकरी आंगऱ्यांकडे. म्हणजे कॅरिबियनचा खराखुरा चाचा आपल्याकडे येऊन नोकरीला लागला! सिनेमावाल्यांना हे कुणी सांगितलं नसावं.

आता येतं चौथं कलम, परवाना. सगळं भांडण याच्यावरून झालं.

कान्होजींचा नियम साधा होता. या किनाऱ्यावरून व्यापारी जहाज न्यायचं तर सरखेलांचं दस्तक घ्या, त्याची रक्कम भरा आणि खुशाल जा. दस्तक नसेल तर जहाज जप्त. ही पद्धत काही त्यांनी शोधून काढलेली नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून याच समुद्रावर स्वतःचे परवाने सक्तीने विकत होते. पोर्तुगीजांनी वसूल केलं तर तो कायदा, आणि इथल्या राजाच्या सेनापतीने वसूल केलं तर ती चाचेगिरी! इंग्रजांनी आंगऱ्यांचा हक्क मानला नाही आणि कागदोपत्री त्यांचं नाव चाचा असं लिहिलं. पुढे तेच कागद इतिहास झाले.

१७१२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या गव्हर्नरची एक सशस्त्र यॉट कारवारकडे निघाली. हो, यॉटच! नाव 'अल्जेरीन'. कारवारच्या वखारीचा नवा प्रमुख चाऊन आणि त्याची तरुण बायको कॅथरीन तिच्यावर होते. वाटेत आंगऱ्यांच्या गलबतांनी तिला गाठलं. लढाईत चाऊन मारला गेला, यॉट पकडली गेली आणि कॅथरीन कैद झाली. तीस हजार रुपये खंडणी भरून इंग्रजांनी १७१३ च्या फेब्रुवारीत तिला सोडवलं आणि कान्होजींशी तह केला. ही घटना वाचून मला नुसता अभिमान वाटला असं म्हणणार नाही. गरोदर असलेली ती पोरगी, डोळ्यांदेखत गेलेला नवरा आणि महिनोन् महिने कैद, हेही त्याच पानावर आहे. समुद्रावरचं राज्य असंच चालायचं, सगळ्यांचंच. पण गव्हर्नरची यॉटसुद्धा इथे सुरक्षित नाही, हे मुंबईला त्या दिवशी कळलं.

त्याच सुमारास घरचं भांडणही पेटलं होतं. छत्रपती शाहू आणि महाराणी ताराबाई यांच्या वादात कान्होजी ताराबाईंच्या बाजूने होते. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर धाडलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. मग बाळाजी विश्वनाथ पुढे झाले. तलवारीऐवजी बोलणी करून त्यांनी कान्होजींना शाहूंच्या बाजूला आणलं. दहा जलदुर्ग आणि सोळा लहान किल्ले कान्होजींकडे राहिले, सरखेलपदही राहिलं. आता त्यांच्या पाठीशी अख्खं मराठी राज्य होतं.

मुंबईत नवा गव्हर्नर चार्ल्स बून आला. त्याने चंगच बांधला. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला, फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला, तोही फसला. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या वेळी इंग्रजांनी खास यंत्र आणलं होतं, 'फ्राम' नावाचा तरंगता तोफखाना. सपाट तळ, जाड भिंती, भारी तोफा. कागदावर एकदम भारी प्रोजेक्ट! पण प्रत्यक्षात तोफांसाठी ठेवलेली भोकं अशी, की तोफा पुरेशा वर उचलता येईनात. गोळे किल्ल्याऐवजी पाण्यातच पडू लागले. ऐन मोहिमेत सुतारांना कामाला लावायची वेळ आली. व्हायव्हाच्या आदल्या रात्री सर्किट उघडून बसणाऱ्या मंडळींना हे दुःख समजेल.

शेवटी १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची चार लढाऊ जहाजं घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला. सुमारे सहा हजारांची फौज कुलाब्यावर चालून गेली. पण कुलाबा पडला नाही. पेशव्यांचं घोडदळ मदतीला धावून आलं आणि पोर्तुगीजांनी वेगळा तह करून काढता पाय घेतला. समुद्रावर आरमार आणि जमिनीवर फौज एकमेकांना धरून राहिली, की काय होतं ते तेव्हा दिसलं.

४ जुलै १७२९ रोजी अलिबागला कान्होजी वारले. तोवर त्यांनी अलिबाग शहर वसवलं होतं, स्वतःचा अलिबागी रुपया चालवला होता आणि समुद्रावर त्यांना कुणी कायमचं हरवलं नव्हतं. अलिबागेत त्यांची समाधी आहे.

पुढचं लिहिताना हात जड होतो. मुलांमध्ये फूट पडली. आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंगऱ्यांचं आरमार जळालं, ते तुळाजी आंगऱ्यांविरुद्ध खुद्द पेशव्यांनीच इंग्रजांशी हातमिळवणी केल्यामुळे. जे बून आणि मॅथ्यूजला जमलं नाही ते आपल्याच भांडणाने करून दाखवलं. त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकेल असं मोठं आरमार उरलं नाही. चाचा या शब्दापेक्षा मला हे जास्त लागतं.

आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाला 'आयएनएस आंग्रे' नाव आहे. खांदेरीच्या दीपगृहाला कान्होजींचं नाव आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्गही आहेत. म्हणजे मान मिळाला. पण समुद्र कळणं ही वेगळी गोष्ट आहे.

जाता जाता आमचाच एक किस्सा सांगतो. थर्ड इयरला आम्ही सहा जण अलिबागला गेलो होतो, कुलाबा किल्ला बघायला. हा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, एवढं ऐकून होतो. दुपारी किनाऱ्यावर पोचलो तर किल्ल्याच्या चारी बाजूंनी पाणी! सहा भावी इंजिनिअर, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, आणि भरतीची वेळ एकानेही बघितली नव्हती. भेळ खाऊन आणि लांबून फोटो काढून परत आलो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, चंद्राबरोबर, हे नंतर कळलं. किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

दादाला मी लांबलचक मेल केला. सुंभाजी आंग्रिया कोण, आणि त्याचा बाप खरा कोण होता, सगळं लिहिलं. दादाची यॉट आपल्याला परवडायची नाही. पण अलिबागला जायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. परीक्षा संपली की पुन्हा जायचं ठरलंय. या वेळी आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघणार, मग बसची वेळ. येताय ना?