मात्रा मोजणारा कवी : माधव जूलियन

'युनिव्हर्सिटी' हा शब्द मोठ्याने म्हणा. यु-नि-व्हर्-सि-टी. पाच तुकडे झाले, आणि जोर तिसऱ्या तुकड्यावर आला. इंग्रजीत लांब शब्द असेच म्हणतात.

मी अल नहदात राहतो. इथली काही मुलं मराठी कविताही अशीच जोर देऊन वाचतात. मग कवितेची चाल मोडते. कारण मराठी कवितेत जोर नाही, अक्षराची लांबी मोजतात. या मोजणीवर खूप वर्षं काम केलेल्या एका कवीची ही गोष्ट आहे.

त्यांचं नाव माधव त्रिंबक पटवर्धन. जन्म २१ जानेवारी १८९४, बडोदा. कविता लिहिताना त्यांनी 'माधव जूलियन' हे नाव घेतलं. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते फारसी शिकवत. फारसी म्हणजे आपल्या समोरच्या किनाऱ्यावरच्या, इराणची भाषा. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी शब्दकोश तयार केला. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले.

'गझल' हा शब्द मुळात अरबी. अरबीतून गझल फारसीत गेली. तिची लय माधवरावांना फार आवडली. पण ती मराठीत आणायची कशी? त्यांनी मराठीचंच माप वापरलं. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. म-रा-ठी म्हणजे १ + २ + २, एकूण ५. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षरही बहुतेक वेळा गुरू होतं. म्हणून 'पुस्तक' मधल्या 'पु'च्या दोन मात्रा.

या मापाने त्यांनी मराठीत गझला लिहिल्या. 'गज्जलांजलि' हा त्यांचा संग्रह १९३३ चा. आणि मराठी कवितेची वृत्तं नीट मांडणारा 'छंदोरचना' हा मोठा ग्रंथ त्यांनी लिहिला. तो एकदा छापून ते थांबले नाहीत. त्यात भर घालून १९३७ साली त्यांनी तो पुन्हा काढला. या कामासाठी १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही पदवी दिली.

पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, ते वारले. वय फक्त ४५ वर्षं. पण मराठीत वृत्तात लिहायला शिकणारे आजही 'छंदोरचना' उघडतात.

करून पाहा : दु-ब-ई म्हणजे १ + १ + २, एकूण ४ मात्रा. शा-र-जा म्हणजे २ + १ + २, एकूण ५. आता तुमच्या नावाच्या मात्रा मोजा. मग आवडती कविता जोर न देता, लांब अक्षर लांबवून वाचा. चाल आपोआप सापडेल.