पुंकेसराचे मूळ शोधणारा कवी

कालिदासाच्या शाकुंतल नाटकावर लुब्ध झालेला जर्मन महाकवी म्हणून गटे हा आपल्याकडील वाचकांस परिचित आहे. परंतु याच कवीने फुलातील पुंकेसर म्हणजे मुळात काय, या प्रश्नाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

योहान वोल्फगांग फोन गटे याचा जन्म २८ ऑगस्ट १७४९ रोजी फ्रांकफुर्ट येथे झाला. १७७५ मध्ये तो वायमार संस्थानात गेला व पुढे तेथील मंत्री झाला. तेथील वनांत व बागांत वावरताना त्याला वनस्पतींचा छंद लागला. त्या काळी लिनियसच्या ग्रंथांचा मोठा दरारा होता. लिनियसने मुख्यतः पुंकेसरांची संख्या व मांडणी पाहून वनस्पतींचे चोवीस वर्ग पाडले होते. गटे ते ग्रंथ सदैव जवळ बाळगी. पण नुसत्या मोजणीने त्याचे समाधान होईना. एकाच रोपाची खालची पाने एका आकाराची, तर वरची दुसऱ्याच आकाराची असतात. मग मोजण्यापूर्वी त्या अवयवांचे परस्परांशी नाते काय, हे कळावयास नको काय?

१७८६ च्या सप्टेंबरात राजकारभार मागे टाकून तो कोणालाही न सांगता इटलीकडे निघाला. पादुआच्या वनस्पती-उद्यानात त्याने १५८५ मध्ये लावलेला एक ताडवृक्ष पाहिला. त्याची सुरुवातीची पाने साधी, भाल्याच्या पात्यासारखी. पुढची चिरत चिरत अखेर पंख्याच्या आकाराची झालेली. माळ्याकडून त्याने ही सारी मालिका कापून घेतली आणि पुठ्ठ्यांमध्ये जपून बरोबर नेली. रोममध्ये त्याला याहून नवलाची वस्तू आढळली: कार्नेशनच्या एका फुलातूनच चार पूर्ण फुले वर आलेली! ते टिकवणे शक्य नव्हते, म्हणून त्याने त्याचे चित्र काढून ठेवले.

अशा विचित्र फुलांनीच त्याला वाट दाखविली. भरगच्च गुलाबात पाकळ्या वाढतात तेव्हा पुंकेसर कमी होतात. कर्दळीच्या फुलात तर एका पाकळीसारख्या अवयवाच्या कडेलाच परागकोश चिकटलेला दिसतो. पान, पाकळी आणि पुंकेसर ही एकाच मूळ अवयवाची निरनिराळी रूपे होत, असे गटेने ठरविले.

१७९० मध्ये त्याने हा सिद्धांत एका छोट्या पुस्तकात मांडला. त्याचे समग्र ग्रंथ छापणाऱ्या प्रकाशकाने हे पुस्तक मात्र नाकारले; ते गोथा येथे दुसऱ्याकडून छापून घ्यावे लागले. कवीने कविता करावी, शास्त्रात कशाला पडावे, असाच लोकांचा ग्रह होता. १७९४ मध्ये त्याने शिलरला कागदावर रेखाटन करून आपले म्हणणे समजावले, तेव्हा शिलरनेही ते अनुभवाचे सत्य नसून केवळ कल्पना असल्याचे सांगितले. गटे मनातून दुखावला. तरी दोघांची मैत्री याच वादातून जुळली, हे विशेष. २२ मार्च १८३२ रोजी गटेचे निधन झाले. तोवर त्या पुस्तकाचे फ्रेंच भाषांतरही निघाले होते.

गटेचे सगळेच खरे ठरले नाही. रस गाळला जात जात शुद्ध होतो व त्यामुळे पानाचे फूल बनते, हे त्याचे स्पष्टीकरण टिकले नाही. शिवाय पराग निर्माण करणारे अवयव पाकळ्यांच्या पुष्कळ आधीपासून होते, आणि कित्येक फुलांत पुंकेसरांपासूनच पाकळ्या उत्क्रांत झाल्या, असे आज मानले जाते. परंतु १९९१ मध्ये अमेरिकेतील मेयरोविट्झ व इंग्लंडमधील कोएन यांनी फुलाच्या घडणीचे कोडे उलगडले. जनुकांचे तीन गट हे काम करतात. त्यांतील दुसरा व तिसरा एकत्र आले की पुंकेसर होतो. तिसरा निकामी झाला की त्याच जागी पाकळी येते. मोहरीच्या कुळातील एका लहानशा रोपात तिन्ही गट निकामी झाले, तेव्हा फुलाच्या प्रत्येक अवयवाच्या जागी पानासारखा अवयव उगवला.