देवळालीचे कापरेकर मास्तर



कोसाडहून गाडीने मुंबईला जाताना वापी, उंबरगाव मागे पडले की डहाणू रोड स्टेशन येते. या डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. आपल्या समाजातली काही मुले आता एम.एस्सी., पीएच.डी. करून नोकरीची आणि शोधनिबंध छापून येण्याची वाट पाहत आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

कापरेकर आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे आकडेमोड घरातच होती. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० साली नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून लागले, ते १९६२ साली तिथूनच निवृत्त झाले.

त्यांचा शोध ६१७४ चा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि उत्तराला पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन आम्ही पाहिले: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४.

आम्ही बँकेत असताना खतावणीतला फरक नऊने भागला गेला, की कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, हे ओळखायचो. वरच्या प्रत्येक उत्तराला नऊने भाग जातो, त्याचे कारणही तेच. आम्ही त्यात फक्त चूक शोधली, मास्तरांनी गणित शोधले!

पण ते छापणार कोण? अनेक गणितज्ञांना हे काम पोरखेळ वाटे. मोठ्या नियतकालिकांची दारे त्यांना सहसा उघडली नाहीत. जिथे जागा मिळाली तिथे त्यांनी लिहिले, बाकीचे देवळालीच्या पत्त्यावरून स्वतःच पुस्तिका काढून छापले. १९५५ साली अमेरिकेतल्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात ६१७४ वरचा त्यांचा लेख आला. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि जगाला त्यांचे नाव कळले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती.

मधला काळ सुखाचा नव्हता. १९६६ साली पत्नी वारली. राहणी अगदी साधी असूनही पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९८६ साली ते गेले. आज गणिताच्या पुस्तकांत 'कापरेकर स्थिरांक' आहे, 'कापरेकर संख्या' आहेत आणि त्यांच्या गावाच्या नावाने 'देवळाली संख्या'ही आहेत.

ही गोष्ट सांगून आम्ही मुलांना गरिबीत राहा असे म्हणत नाही. आज कॉलेजात लागायचे तर नेट किंवा पीएच.डी. लागते, शोधनिबंधही पाहिले जातात आणि ते केलेच पाहिजे. पण घाईपोटी, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागू नका. मास्तरांनीही पदरचे पैसे घालून छापले, पण पुस्तिकेवर तसे उघड लिहिले. परीक्षकांनी तपासलेला निबंध म्हणून ती कोणापुढे ठेवली नाही. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

आणि नोकरी शाळेत लागली, क्लासमध्ये लागली किंवा बँकेत लागली, तरी अभ्यास बंद करू नका. मास्तरांनी नेमणुकीच्या पत्राची वाट पाहिली असती तर ६१७४ आज दुसऱ्याच कोणाच्या नावावर असते.

पालकांना एकच विनंती. घरातल्या संशोधक मुलाला किंवा मुलीला, सुनेला, रोज 'नोकरीचं काय झालं?' असे विचारू नका. एखाद्या दिवशी 'सध्या काय शोधतेस, जरा मलाही सांग' असे विचारून पाहा. समजले नाही तरी चालेल, ऐकून घ्या.