दादोबा पांडुरंग आणि मुलांचे व्याकरण

मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांचे नाव घेतात, ते कै. दादोबा पांडुरंग तर्खडकर एके काळी आपल्या नगरला डेप्युटी कलेक्टर होते, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसेल. मुलांच्या व्याकरणाच्या पुस्तकात त्यांचे नाव सहसा दिसत नाही. पण नाम, क्रियापद, विभक्ती हे जे मुले पाठ करतात, त्याचा पाया त्यांनी घातला.

त्यांचा जन्म १८१४ साली मुंबईस झाला. त्या काळी मराठीत छापील पुस्तके फार थोडी. दादोबा चौदा वर्षांचे असताना, १८२८ साली, सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती व बाळमित्र ही पुस्तके निघाली. दादोबांचे व्याकरण आले १८३६ साली, त्यांच्या वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी. म्हणजे मराठी मुलांच्या हाती छापील गोष्ट आधी आली आणि हे व्याकरण आठ वर्षांनी मागून. मला हा क्रम फार बरोबर वाटतो. कॅरीसाहेबांनी १८०५ मध्येच मराठीचे व्याकरण छापले होते, पण ते इंग्रजीत, साहेबलोकांना मराठी यावी म्हणून. दादोबांनी लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना पुढे ठेवला खरा, पण लिहिले मराठीत आणि आपल्या लोकांसाठी.

पुढे ते सुरतेस शिक्षक झाले. १८४६ साली मुंबईस नॉर्मल स्कूलचे, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेचे, प्रमुख झाले. १८५२ साली नगरला आले. इकडे भिल्लांचा उठाव मोडल्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केले. ती गोष्ट मला तितकीशी रुचत नाही. जातिभेद मोडण्यासाठी त्यांनी परमहंस सभा काढली, तो विषय मोठा आहे.

मोठे व्याकरण मुलांना कसे झेपणार? म्हणून १८६५ साली त्यांनी लघु व्याकरण काढले. मुलांसाठी वेगळे पुस्तक हवे, हे त्यांना पटले होते. यातच त्यांच्यातला मास्तर दिसतो.

आता आपल्या सुप्याचे पाहा. कारखान्यांमुळे बाहेरगावची कुटुंबे आली. ज्या घरात हिंदी बोलतात तेथील मूल पिल्लू आला म्हणते, कारण हिंदीत नपुसकलिंग नाही. शाळेत लाल खूण होते, वर्गात हसू होते, आणि मूल मराठीत बोलायचेच सोडते. अशा मुलाला नियम सांगून उपयोग नाही. त्याला कोल्ह्याची गोष्ट सांगावी : कोल्हा आला, कोल्ही आली, पिल्लू आले. चार दिवसांत जिभेवर बसते.

वाक्यांचेही तसेच. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट घ्यावी. कावळा उडाला, हे विधान. पाणी कुठे मिळेल, हा प्रश्न. अरे वा, केवढे पाणी, हा उद्गार. बाळा, तूही खडा टाक, ही आज्ञा. आवाज तसा चढवला-उतरवला की मूल आपणच ओळखते. विधानार्थी, प्रश्नार्थी ही नावे मागून सांगितली तरी चालते. सातवी शिकलेल्या बाईलाही हे स्वयंपाक करता करता जमते. पोळी तव्यावर असताना एक गोष्ट सहज होते.

दादोबांनी व्याकरण शेवटपर्यंत सोडले नाही. १८८१ साली त्यांनी आपल्या व्याकरणाची पुरवणी काढली आणि पुढल्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, ते वारले. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ साली प्रसिद्ध केले. ग्रंथालयात सापडले तर भगिनींनी जरूर मागून घ्यावे.