ज्या डोंगरावर त्याला सायकल ढकलत न्यावी लागली, तिथंच आज त्याचा पुतळा दिमाखात उभा आहे

२१ जुलै १९१०. पहाटेचे साडेतीन. फ्रान्समधलं लुशों नावाचं छोटंसं गाव. गाव झोपलेलं, पण रस्त्यावर सायकली घेऊन काही पोरं उभी आहेत. खांद्यावर जादा टायर गुंडाळलेत. समोर अंधार आहे आणि अंधारात पिरेनीज पर्वत.

त्या दिवशी त्यांना ३२६ किलोमीटर सायकल चालवायची होती. तेही सपाटीवरून नाही, तर पेरसूर्द, आस्पां, तूरमाले आणि ओबिस्क असे चार मोठे घाट ओलांडून. यातला सगळ्यात उंच घाट तूरमाले. उंची २,११५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही साडेचारशे मीटरहून जास्त उंच. आणि रस्ता म्हणाल तर डांबर नाहीच, नुसती खडी आणि माती.

या पोरांमध्ये एक होता ऑक्ताव्ह लापीझ. वय वर्षं २२.

आज सायकलिंगच्या जगात हे नाव आदरानं घेतलं जातं. पण त्या दिवशी डोंगरात जे घडलं ते नसतं, तर कदाचित लापीझ नुसत्या आकडेवारीत राहिला असता.

तर गोष्ट सुरुवातीपासून बघू.

लापीझचा जन्म २४ ऑक्टोबर १८८७ चा, पॅरिसचा. डोक्यावर कुरळे केस, त्यामुळे लोकांनी त्याचं नावच कुरळ्या पाडलं होतं. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्यानं १०० किलोमीटरच्या सायकल शर्यतीत कांस्यपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी त्यानं पॅरिस-रूबे जिंकली. ही शर्यत दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून जाते आणि सायकलसकट माणसाची हाडं खिळखिळी करते. लापीझनं ती १९०९, १९१० आणि १९११ अशी सलग तीनदा मारली. थोडक्यात काय, तर गडी दमदार होता.

पण फ्रान्समध्ये खरी इज्जत होती ती तूर द फ्रान्सला.

ही शर्यत १९०३ साली ल'ऑटो नावाच्या क्रीडा दैनिकानं सुरू केली. उद्देश साधा होता, पेपरचा खप वाढवायचा. संपादक होते आंरी देग्रांज. शर्यत जितकी अवघड, तितक्या बातम्या थरारक आणि तितका पेपर जास्त विकला जाणार, असं ते गणित.

१९१० मध्ये देग्रांज यांचे सहकारी आल्फोंस स्टेनेस यांनी डोक्यात घेतलं की, यावेळी पोरांना पिरेनीजच्या मोठ्या घाटांतून न्यायचं. देग्रांज यांना हे वेडेपणाचं वाटत होतं. मग स्टेनेस स्वतः तूरमालेची पाहणी करायला निघाले. वाटेत बर्फात गाडी अडकली. ते एकटेच चालत पुढे गेले, रात्री अंधारात वाट चुकले, बर्फात पडले आणि अर्धमेल्या अवस्थेत पलीकडच्या बारेज गावात पोहोचले.

बरं, इतकं होऊन त्यांनी पॅरिसला तार काय केली? रस्ता उत्तम आहे, सायकली आरामात जातील.

झालं. घाट नक्की झाले.

त्या काळच्या सायकली आजच्या रेसिंग सायकलींच्या जवळपास दुप्पट वजनाच्या होत्या. चालवता चालवता गिअर बदलायची सोय शर्यतीत नव्हती. सायकल बिघडली तर दुरुस्तीही स्वतःच करायची. त्या डोंगरात अस्वलं होती, त्याची धास्ती वेगळीच. जे थकून थांबतील त्यांना गोळा करायला मागून एक गाडी ठेवायची पद्धतही याच वर्षी सुरू झाली. शर्यतीला निघाले ११० जण. पॅरिसला परत पोहोचले फक्त ४१.

लापीझ होता अल्सियोन कंपनीच्या टीममध्ये. याच टीममध्ये लक्झेंबर्गचा फ्रान्स्वा फाबेर होता. धिप्पाड अंगाचा फाबेर १९०९ चा विजेता होता आणि यावेळीही पुढे होता. म्हणजे लापीझची खरी स्पर्धा होती ती स्वतःच्याच टीममधल्या गड्याशी. टीममधला तिसरा मोठा गडी म्हणजे ग्युस्ताव्ह गारिगू.

त्या काळात विजेता वेळेवर ठरत नव्हता. प्रत्येक टप्प्यात ज्याचा जितवा नंबर, तितके गुण. शेवटी ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो जिंकला. जड अंगाच्या फाबेरला डोंगर त्रास देणार हे दिसत होतं. लापीझला संधी होती ती इथंच.

पिरेनीजचा पहिला टप्पा लापीझनं जिंकला. आणि मग उजाडली ती २१ जुलैची पहाट.

तूरमालेची चढण सुमारे १७ किलोमीटरची आहे. लापीझ आणि गारिगू पुढे होते. लापीझ कधी पॅडल मारत होता, तर कधी उतरून सायकल ढकलत होता. माथ्यावर पहिला पोहोचला तोच. गारिगू थोडा मागे राहिला, पण तो एकदाही खाली उतरला नाही. न उतरता तूरमाले चढल्याबद्दल त्याला १०० फ्रँकचं बक्षीस मिळालं.

पण अजून ओबिस्क बाकी होता.

ओबिस्कच्या चढावर आयोजकांची माणसं गाडी लावून वाट बघत होती. स्वतः देग्रांज मात्र तिथं नव्हते, ते पॅरिसला निघून गेले होते. बराच वेळ कुणीच येईना. मग आला फ्रान्स्वा लाफुरकाद नावाचा, फारसं नाव नसलेला एक खेळाडू. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता तो तसाच पुढे गेला. त्यानंतर साधारण पंधरा मिनिटांनी लापीझ आला. सायकलवर बसून नाही, तर तिला ढकलत. अंग धुळीनं आणि घामानं माखलेलं.

आयोजकांची माणसं दिसली आणि त्याचा स्फोट झाला. तुम्ही सगळे खुनी आहात, असं तो त्यांच्या तोंडावर ओरडला.

लापीझचं नाव घेतलं की आजही लोकांना सगळ्यात आधी हाच प्रसंग आठवतो.

पण किस्सा इथं संपत नाही. शिवी हासडून लापीझ रस्त्याच्या कडेला बसला नाही. बायोन अजून शंभराहून जास्त किलोमीटर लांब होतं. त्यानं उतारावर सायकल सोडली, लाफुरकादला गाठलं आणि शेवटी इटलीच्या पिएरिनो अल्बिनीला मागे टाकत टप्पाच जिंकला. वेळ लागला १४ तास १० मिनिटं.

३१ जुलैला शर्यत पॅरिसमध्ये संपली तेव्हा लापीझचे गुण होते ६३ आणि फाबेरचे ६७. फक्त ४ गुणांच्या फरकानं लापीझ तूर द फ्रान्सचा विजेता झाला.

इथं एक गंमत आहे आणि ती थोडी कडूही आहे. हे डोंगर माणसाचा जीव घेतील, असं लापीझचं म्हणणं होतं. पण तो स्वतःच ते डोंगर चढून जिंकला आणि आयोजकांना आयतं उत्तर मिळालं की, जमतंय की. डोंगर कमी करणं तर सोडाच, १९११ मध्ये आयोजकांनी आल्प्समधला तूरमालेपेक्षाही उंच गालिबिए घाट शर्यतीत घातला.

लापीझचं आणि या शर्यतीचं नंतर कधी जमलंच नाही. १९११, १९१२ आणि १९१३ असा सलग तीनदा तो फ्रान्सचा राष्ट्रीय विजेता झाला. पण तूर द फ्रान्समध्ये सहा वेळा उतरून त्यानं शर्यत पूर्ण केली ती एकदाच, १९१० ला. १९१२ मध्ये तर वेगवेगळ्या टीमचे बेल्जियन खेळाडू संगनमत करून आपल्या देशाच्या ओदिल दफ्रायला मदत करतायत, असा आरोप करत त्यानं शर्यतच सोडली. ती शर्यत दफ्रायनंच जिंकली. जे पटत नाही ते तोंडावर बोलायचं, हा लापीझचा स्वभाव काही बदलला नाही.

१९१४ ची शर्यत सुरू झाली २८ जूनला. त्याच दिवशी साराएवोमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. काही आठवड्यांत युरोप पहिल्या महायुद्धात ओढला गेला आणि हे सायकलवाले गडी सैन्यात भरती झाले.

फाबेर फ्रान्सच्या फॉरेन लीजनमध्ये गेला. ९ मे १९१५ ला तो आघाडीवर मारला गेला. वय होतं २८.

लापीझ लढाऊ विमानाचा पायलट झाला. १४ जुलै १९१७, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी फ्लिरे गावाजवळच्या हवाई चकमकीत त्याचं विमान पाडलं गेलं. तो वाचू शकला नाही. वय होतं २९.

ज्यानं डोंगरावर खुनी असा शब्द वापरला, तो डोंगरातून सुखरूप परत आला होता. त्याला मारलं ते माणसांनी सुरू केलेल्या युद्धानं.

आज तूरमाले हा तूर द फ्रान्समध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला मोठा घाट आहे. माथ्यावर १९९९ पासून एका सायकलस्वाराचा भव्य धातूचा पुतळा आहे. मान वर केलेली, तोंड उघडं, श्वासासाठी झगडणारा. तो लापीझच्या आठवणीत उभारलाय. हिवाळ्यात माथ्यावर प्रचंड बर्फ पडतं, म्हणून शरद ऋतूत पुतळा खाली आणतात आणि जूनमध्ये ट्रकवर ठेवून पुन्हा वर नेतात.

आणि त्या दिवशी पुतळा एकटा जात नाही. त्याच्यासोबत शेकडो सायकलवाले मित्रमंडळींसह तो घाट चढतात. कुणी न थांबता जातं, कुणी मध्येच उतरून सायकल ढकलतं. पण उतरून ढकलण्याची लाज इथं कुणालाच वाटायचं कारण नाही. या डोंगरावरचा पहिला विजेता तसाच वर पोहोचला होता.