हवेचा ब्रेक देणारा जॉर्ज

मैत्रिणींनो, बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत ट्रेलर थांबताना ‘फुस्स’ असा आवाज येतो ना, तो हवेच्या ब्रेकचा. माझ्या सासरी ट्रेलरचा धंदा आहे आणि हिशेबाची वही माझ्याकडे. लायनर, व्हॉल्व्ह, होज पाइप अशी बिलं लिहिता लिहिता वाटलं, हे सगळं सुचलं तरी कुणाला? त्याचं नाव जॉर्ज वेस्टिंगहाऊस.

जॉर्जचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. वडिलांचा शेतीची यंत्रं बनवायचा कारखाना होता. पोरगा शाळेपेक्षा तिथेच जास्त रमायचा. विशीत असताना त्याने दोन मालगाड्यांची टक्कर झालेली पाहिली. दोन्ही ड्रायव्हरना समोरची गाडी दिसली होती, पण थांबवता आली नव्हती. तेव्हा ब्रेक लावायला माणसं डब्यांच्या टपावरून पळत जाऊन प्रत्येक डब्याचं चाक हाताने फिरवायची. पाय घसरला की संपलंच.

जॉर्जने वाफेवर, साखळीवर प्रयोग केले, जमेना. मग म्हणे एक तरुणी मासिकाची वर्गणी मागायला आली आणि त्याने ती भरली. त्या मासिकात आल्प्समधला बोगदा दाबलेल्या हवेने खोदल्याची हकिगत होती. झालं! १८६९ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, हवेच्या ब्रेकचं पेटंट त्याच्या नावावर लागलं.

पण खरं मोठेपण पुढे आहे. या पहिल्या ब्रेकमध्ये हवा पाठवली की ब्रेक लागायचा. म्हणजे पाइप फुटला किंवा डबे सुटले की ब्रेकही गेला! जॉर्जने १८७२ च्या सुमारास हे गणितच उलटं केलं. प्रत्येक डब्याला हवेची स्वतःची टाकी दिली. पाइपमध्ये हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला. दाब गेला की टाकीतली हवा आपोआप ब्रेक लावणार. स्प्रिंगचं दार आठवा. धरून ठेवाल तोवर उघडं, हात सुटला की बंद. १८९३ मध्ये अमेरिकेने रेल्वेला असे ब्रेक कायद्याने लावायला लावले.

हीच युक्ती आज आपल्या ट्रेलरमध्ये आहे. घोडा आणि ट्रेलर जोडणारी हवेची मुख्य नळी तुटली, तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. मात्र त्यासाठी ते ब्रेक धड असायला हवेत. जास्त माल ओढायचा म्हणून नुसतं मोठं इंजिन घेऊन भागत नाही. ट्रेलरच्या एकेका एक्सलचे ब्रेक सारखे धरत नसतील, तर सगळा भार घोड्याच्या ब्रेकवर येतो. जव्हारचा किंवा कसाऱ्याचा घाट उतरताना सारखा पाय दाबून ठेवला की ड्रम तापतात, लायनर पकडत नाहीत. तिथे हवा कितीही असली तरी काय उपयोग? म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच करायचं नाही. जमत असेल तर नवी गाडी घेताना एबीएस आणि उतारावर गाडी आवरणारा रिटार्डर यांची चौकशी करावी.

जॉर्जने पुढे विजेच्या धंद्यातही मोठं नाव कमावलं. साडेतीनशेहून अधिक पेटंट घेतली, कामगारांना शनिवारी अर्धी सुट्टी दिली. १९०७ च्या मंदीत कंपनीवरचा ताबा गेला, तेही सोसलं. पत्नी मार्गरिट त्याला आगगाडीतच भेटली होती. १२ मार्च १९१४ ला तो गेला आणि तीनच महिन्यांनी तीही गेली.

धंद्यात खर्च कमी करायची वेळ येते, तेव्हा पहिली कात्री बहुधा ब्रेकच्या बिलालाच लागते. गाडी आपली असो वा आपला माणूस दुसऱ्याची चालवत असो, घाटाची खेप असेल तर लायनर आणि नळ्या तपासल्या का, एवढं विचारायला आपण कचरू नये. ते आपलंही काम आहे.